अक्षर लागत नाही! जुन्या कागदांतली आडनावं आणि वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कोतवाल बुकाबद्दल (गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचं जुनं रजिस्टर) चार ओळी काय लिहिल्या, फोटोच फोटो येऊन राहिले. कोणी मोबाईलवर, कोणी झेरॉक्स पाकिटात घालून, एकानं तर नव्वद वर्षांचा मूळ कागद लॅमिनेट करून पाठवला (बाप्पा, हे करू नका, खाली सांगतो का ते). सगळ्यांना उत्तर देणं काही जमत नाही, म्हणून ज्या अडचणी दहा जणांच्या सारख्याच आहेत तेवढे प्रश्न घेतलेत. मी कोणी लिपीतज्ज्ञ नाही. पटवारी म्हणून जन्म गेला, दुसऱ्यांचं वाईट अक्षर वाचत आणि स्वतःचं वाईट अक्षर दुसऱ्यांना वाचायला लावत, तेवढंच भांडवल.

प्रश्न : काकाजी नमस्कार. आमचं आडनाव धोटे. आजोबाचा जन्म १९२१ चा, कोतवाल बुकाची नक्कल काढली तर टाईप करून 'घोडे' आलं. मूळ पानाचा फोटो पाठवतो. मले ते धोटेच दिसते, बायकोले घोडे दिसते, अन् पोट्टं म्हणते भोंडे आहे. खरं काय? (आर्वी तालुका)

उत्तर : भाऊ, तुम्हाला धोटे दिसते कारण तुम्ही धोटे आहात. चिडू नका, सगळ्यांचं असंच होतं, डोळा आधी ठरवतो आणि मग अक्षर तसं दिसायला लागतं. म्हणून जो शब्द वाचायचा आहे त्याच्याकडे मी आधी बघतच नाही. त्यावर अंगठा ठेवतो आणि बाकीचं पान वाचतो. लिहिणारा एकच, टाक एकच, शाई एकच, मग तो ध कसा काढतो आणि घ कसा काढतो हे त्याच्याच हातून शिकून घ्यायचं, आपल्या शाळेतल्या पाटीवरून नाही.

तुमच्या पानावर वरून तिसऱ्या ओळीत 'माधो' आहे. खाली बरंच उतरलं की 'राघो' सापडतो. नशीब काढलंत, दोन्ही नावांत कानामात्रा तोच, अक्षर तेवढं वेगळं. आता छापील पुस्तकात ध आणि भ यांच्या डोक्यावरची रेघ सुरुवातीला तुटलेली असते, घ आणि म वर ती सलग जाते, पण हा माणूस सगळी अक्षरं काढून झाल्यावर शेवटी एका झटक्यात अख्ख्या नावावर रेघ ओढतो, त्यामुळं ती खूण गेली कामातून. मग बघायचं कुठं, तर टाक जिथं पहिल्यांदा टेकला तिथं. माधो मधला ध बारीक गाठीनं सुरू होतो, वाटाण्याच्या वेलाला सुरुवातीला कसा आकडा येतो तशी. राघो मधे गाठ नाही, टाक सरळ वळणात शिरतो. आता अंगठा काढा. तुमच्या शब्दात गाठ आहे, शाई भरून तिचा ठिपका झालाय पण आहे. म्हणजे घ गेला, वहिनींना सांगा. राहिले ध आणि भ. भ ला खाली डावीकडं आणखी एक गाठ लागते आणि तिथून आडवी रेघ दांडीला भिडते, ती इथं नाही. म्हणजे पोराचा भोंडेही बाद.

दुसरं अक्षर ट की ड. त्याच पानावर 'पाटील' दोनदा आलंय आणि 'गोंड' एकदा. त्याच्या ड ला मधे एक झटका बसतो, कंबरेत वाकल्यासारखा, आणि शेपूट डावीकडं खाली ओढलेलं. ट चं पोट मात्र एका वळणात, मधे झटका नाही. तुमच्या शब्दात झटका नाही. वरचा जो ठिपका पोराला अनुस्वार वाटला तो पान उलटवून बघायला लावा, कागद पातळ आहे आणि मागच्या बाजूची शाई फुटून पुढं आलेली दिसते, असे ठिपके त्या पानावर चार-पाच ठिकाणी आहेत जिथं अनुस्वाराचा काही संबंधच नाही.

तर धोटे. पण लगेच पेढे वाटू नका. अक्षर जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही. बापाचं नाव, जात, गाव, हे तिन्ही जुळायला पाहिजे, आणि आजोबांच्या पाठच्या-पोटच्या भावंडांच्या नोंदी त्याच बुकात आगेमागे दोन-दोन, तीन-तीन वर्षांवर सापडायला पाहिजेत. त्या नोंदी दुसऱ्या हातानं लिहिलेल्या असतील तर अजून चांगलं, दोन वेगळ्या माणसांनी धोटे लिहिलं तर मग समोरच्या बाबूचं तोंड आपोआप बंद होतं.

बाबूवर फार रागावू नका असंही सांगतो, कारण माझ्याच घरात हे झालंय. आमच्या आईकडचं आडनाव खोडे. एका कार्यालयातून नक्कल आली 'रवोडे' म्हणून. जुन्या अक्षरात ख चे दोन भाग सुटे असायचे, र वेगळा व वेगळा, खाली जोडलेले नाहीत, आणि नक्कल करणाऱ्या पोरानं इमानदारीत जे दिसलं ते टाईप केलं. ते दुरुस्त करायला मामाच्या आठ चकरा झाल्या. म्हणून नक्कल घेताना टाईप केलेल्या कागदासोबत मूळ पानाची झेरॉक्सही मागा, सही-शिक्क्यासकट. टाईप केलेली नक्कल म्हणजे कोणीतरी आधीच वाचून ठेवलेलं, आणि ज्यानं वाचलं त्याला तुमच्या आजोबाशी काही घेणंदेणं नव्हतं.

जाता जाता, ज्या जोड्या फसवतात त्या अशा: ध-घ, भ-म, थ-य, प-ष, ब-व, ट-ढ-द. आणि जुना झ, जो भ ला शेपूट लावल्यासारखा दिसतो. झाडे आडनावाचे लोक त्यामुळं 'भाडे' होऊन बसलेत.

प्रश्न : सर, मी बारावीला आहे. वंशावळ बनवून राहिलो. आमच्या खापरपणजोबाचं आडनाव 'वल्द' होतं का? कागदात 'तुकाराम वल्द गणपत' लिहिलं आहे आणि त्यांच्या बायकोचं आडनाव 'जौजे' आहे. म्हणजे लग्नानंतर तिचं आडनाव बदललं नाही का? (बार्शीटाकळी)

उत्तर : बेटा, हसलो, पण तुला नाही, मला माझेच दिवस आठवले. वल्द म्हणजे मुलगा. तुकाराम वल्द गणपत, गणपतचा मुलगा तुकाराम. जौजे म्हणजे बायको. 'बेवा' दिसलं तर विधवा. 'साकिन' म्हणजे राहणार, आणि 'सा. मजकूर' म्हणजे राहणार याच गावचा, हे मजकूर पण लोक आडनाव समजतात, मला एकानं विचारलं होतं की आमच्या गावात मजकूर घराणं कुठं गेलं म्हणून. 'अज्ञान' लिहिलं असेल तर पणजोबाचा अपमान समजू नको, वयानं लहान एवढाच अर्थ, आणि 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे पोर लहान असल्यामुळं त्याच्या वतीनं जो वागतो तो. मुंबई-पुण्याकडच्या कागदांत वल्दच्या जागी 'बिन' येतं आणि बायकोसाठी 'कोम', 'मर्द' किंवा 'भ्रतार'. तुमच्या घरात तिकडची सून आली असेल तर तेही लक्षात ठेव.

आता तुझ्या प्रश्नाच्या पोटातला खरा प्रश्न, की मग आडनाव कुठाय? बहुतेक वेळा नाहीच. गावात तुकाराम दोन असले तर बापाचं नाव लावलं की काम भागायचं, आडनावाची गरज कोणाला. सारा वसूल करणाऱ्याला शेत माहीत, माणूस माहीत. पोरगं शाळेत घातलं की मास्तर विचारायचा 'आडनाव काय?' आणि तिथं जे सांगितलं ते दाखल-खारीज रजिस्टरात बसलं आणि मग नोकरी, सातबारा, मतदार यादी सगळीकडं तेच चाललं. त्यामुळं तुझ्याकडं शाळेची सगळ्यात जुनी नोंद कोणाची आहे ते आधी शोध. दोन सख्ख्या भावांनी दोन शाळांत दोन आडनावं लावल्याची उदाहरणं माझ्याच सर्कलमधे आहेत, एकानं घराण्याचं सांगितलं, दुसऱ्यानं सोडून आलेल्या गावाला 'कर' लावून सांगितलं.

शेवटचं अक्षर लागत नसेल तर मुलूख बघून अंदाज बांधता येतो. चंद्रपूर, गडचिरोली, वणीकडं 'वार' फार, तेलंगणाच्या शेजाराचा परिणाम. आत्राम, सिडाम, गेडाम असा 'आम' गोंड घराण्यांत. खडे, कर, डे, रे तर सगळीकडेच. पण अंदाज पेन्सिलनं लिही, पेननं नको.

प्रश्न : आदरणीय काकाजी, भाचा अमेरिकेत आहे. त्यानं तिकडच्या बायकोच्या आजोबाचं १९५० च्या जनगणनेतलं पान मोबाईलवर काढून दाखवलं, घर नंबर, धंदा, वय, सगळं हातानं लिहिलेलं. आपल्या इकडे १९३१ मधे जातवार जनगणना झाली असं टीव्हीवर सारखं सांगतात. मग आमच्या वडिलांचं त्यातलं पान कुठं भेटेल? तहसीलमधे विचारलं तर हसले. (पुसद)

उत्तर : हसायला नको होतं त्यांनी. प्रश्न अगदी रास्त आहे. पण उत्तर वाईट आहे: भेटणार नाही.

तिकडं नियम असा की जनगणनेचे कागद ७२ वर्षं बंद ठेवायचे आणि मग लोकांना खुले करायचे, त्यामुळं १९५० चे कागद २०२२ च्या एप्रिलमधे उघडले. इंग्लंडात १०० वर्षं, तिथं १९२१ चे २०२२ मधे आले. पण तिथंही सगळं सोनं नाही, इंग्लंडचे १९३१ चे कागद १९४२ मधे आगीत जळाले, अमेरिकेचे १८९० चे काही आगीत जळाले, काही पाण्यानं खराब झाले आणि उरलेले नंतर सरकारनंच नष्ट केले. आणि जे आहेत त्यातही आपल्यासारखीच भानगड, घरोघरी फिरणाऱ्यानं दारात उभं राहून जे ऐकलं ते लिहिलं, इटलीहून-पोलंडहून आलेल्या माणसाचं आडनाव त्याला काय कळणार, जसं ऐकलं तसं ठोकलं. १९५० च्या पानांवरची नावं तर आधी कॉम्प्युटरकडून वाचून घेतली आणि मग लोकांना सांगितलं की चूक दिसली तर दुरुस्त करा. म्हणजे तुमचा भाचा तिकडं जे करतो तेच तुम्ही इथं भिंगातून करता.

आपल्याकडं १८७२ मधे तुटक आणि १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी देशभर एका वेळी मोजणी झाली. पण घरोघरचे फॉर्म गठ्ठे मारून ठेवायची पद्धत नव्हती, आकडे काढायचे, अहवाल छापायचा, झालं. १९३१ चे जातवार आकडे अहवालात आहेत, तुमच्या वडिलांचं नाव त्यात नाही. आणि नंतर १९४८ चा जनगणना कायदा आला, त्याच्या १५ व्या कलमानं ते कागद कोणाला बघायला मिळत नाहीत आणि पुरावा म्हणून कोर्टात चालत नाहीत. हे एका अर्थानं बरंच आहे, नाहीतर लोकांनी मोजणीवाल्याला खरं सांगितलंच नसतं. १९५१ पासून जिल्ह्याची जनगणना पुस्तिका निघते, त्यात तुमच्या गावची लोकसंख्या सापडेल, पण माणसं नाही, फक्त मुंडकी.

आता एक फट आहे. १९५१ च्या मोजणीसोबत 'नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर' गावोगाव तयार झालं होतं, हातानं लिहिलेलं, घरवार नावांचं. आसामच्या बातम्यांत जे ऐकता तेच. कुणबी नोंदी शोधायच्या मोहिमेत शासनानं जे अभिलेख तपासायला सांगितले त्या यादीत हेही रजिस्टर होतं. सगळीकडं शिल्लक असेलच असं नाही, पण तहसीलमधे पुन्हा जाल तेव्हा 'जनगणना' हा शब्द काढू नका, '१९५१ चं नागरिक रजिस्टर' असं नाव घेऊन अर्ज करा. नाव बरोबर घेतलं की कोणी हसत नाही.

प्रश्न : मला आईच्या माहेरचं शोधायचं आहे. आजीचं नाव भागीरथी, जन्म १९१५-२० मधला, गाव माहीत आहे. कोतवाल बुकाची तीन वर्षं पालथी घातली, भागीरथी कुठंच नाही. अक्षर चांगलं आहे तरी. वाचण्यात चुकतेय का मी? (दारव्हा)

उत्तर : ताई, तुम्ही वाचण्यात नाही चुकत, शोधण्यात चुकताय. त्या बुकात तिचं नाव नसणारच. जन्माची वर्दी पोर झाल्याबरोबर जायची, बारसं व्हायचं बाराव्या दिवशी, त्यामुळं नोंदीत नुसतं 'मुलगी' लिहिलेलं असतं आणि पुढं बापाचं नाव. मुलाचंही तसंच, नुसतं 'मुलगा'. तेव्हा भागीरथी सोडा आणि आजीच्या बापाचं नाव धरून त्या वर्षांतल्या सगळ्या 'मुलगी' एका वहीत उतरवा. मग प्रत्येकीच्या नावावर मृत्यूची नोंद लगेच पुढं आहे का ते बघा, हे मन घट्ट करून करावं लागतं, कारण त्या काळात वर्षाच्या आत गेलेल्या पोरींची ओळ बरेचदा त्याच बुकात दोन पानांवर येते. जी उरते ती तुमची आजी असण्याची शक्यता.

बापाचं नावही भागीरथीच्या लग्नाच्या कागदात शोधू नका, तिथं ती कोणाची तरी जौजे झालेली असते. माहेरच्या गावच्या शेताच्या कागदात शोधा, किंवा तिचा भाऊ शाळेत गेला असेल तर दाखल-खारीजमधे.

आणि ताई, १९१८ चं पान आलं तर जरा थांबून वाचा. त्या वर्षी पाऊस संपता संपता मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ आली, आपल्या भागात फार माणूस मेलं. मी एका गावाचं बुक बघितलं होतं. सप्टेंबरपर्यंत अक्षर कसं ठेवणीतलं, एकेक रकाना भरलेला. ऑक्टोबरात रेघा वाकड्या व्हायला लागतात, आडनाव नाही, बापाचं नाव नाही, कारणाच्या रकान्यात वर एकदा 'ताप' आणि खाली पानभर नुसते दोन-दोन टिंब, म्हणजे वरच्यासारखंच. मग एका ठिकाणी हात बदलतो. पुढचं सगळं दुसऱ्याच अक्षरात आहे. आधीच्याचं काय झालं ते बुकात लिहिलेलं नाही. तुमच्या घरची नोंद त्या दोन महिन्यांतली असेल तर आडनाव लागत नाही म्हणून लिहिणाऱ्याला शिव्या देऊ नका.

प्रश्न : आमच्या घरात तीन कागद, तीन आडनावं. एकात इंगळे, एकात इंगले, एकात चक्क इंगये. पडताळणीच्या वेळी विचारतात की हे तीन वेगळे लोक आहेत का. काय सांगावं? (दर्यापूर)

उत्तर : सांगा की लोक एकच आहे, कान तीन आहेत.

गंमत नाही, खरंच. कोतवाल तोंडी सांगायचा आणि लिहिणारा बरेचदा दुसराच कोणी. आता आपण वऱ्हाडी माणसं डोळ्याला डोया म्हणतो, केळीला केयी, काळ्याला काया. मग तुमच्या पणजोबानं स्वतःचं आडनाव काय सांगितलं असेल? इंगये. आणि लिहिणाऱ्यानं ऐकलं तसं लिहिलं, तो बिचारा सगळ्यात प्रामाणिक. दुसरा लिहिणारा शिकलेला मराठी माणूस, त्यानं मनातल्या मनात शुद्ध केलं, इंगळे. तिसरा हिंदीतून शिकलेला, त्याच्या लिपीत ळ रोजच्या वापरात नाही, त्यानं इंगले केलं. १९५६ च्या ऑक्टोबरपर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूर, तेव्हा हिंदी वळणाचे कागद असणारच. १९५४-५५ चं 'अधिकार अभिलेख पंजी' बघा, नावातच पंजी आहे, आपण मराठीत पंजी कुठं म्हणतो. त्या कागदांत काळे चे काले, ढवळे चे ढवले, बावणे चे बावने, वानखडे चे कधी बानखडे झालेले दिसतील. इंग्रजीतून परत मराठीत आलेली आडनावं तर विचारूच नका, ठ चा थ आणि ड चा द होऊन आलेला असतो.

तुमच्या तीन कागदांत दोन गोष्टी सारख्या आहेत, बापाचं नाव आणि शेताचा नंबर. पडताळणीवाल्यांपुढं आडनावावर वाद घालत बसू नका, शेताचा धागा पुढं करा: हा खासरा या माणसाकडून त्याच्या पोराकडं असा आला, हे फेरफार, हे वारस. आणि त्याच पानावरच्या दुसऱ्या घरांची आडनावं दाखवा. ज्या पानावर तुमचं इंगये झालंय त्याच पानावर शेजारच्या काळेंचं काये झालेलं असेल, तर दोष तुमच्या घराण्याचा नाही, लिहिणाऱ्याच्या कानाचा आहे हे न सांगता दिसतं. मी तुमच्या फोटोत बघितलं, डाव्या कडेला 'पिंपयकर' आहे. तेच पान लावा. बाकी प्रतिज्ञापत्र कसं करायचं ते वकिलाला विचारा, तो माझा प्रांत नाही.

प्रश्न : जुना कागद मोडीत आहे. मोबाईलमधलं ॲप काहीतरी भलतंच वाचते. (रामटेक)

उत्तर : मोडीत शब्द तोडत नाहीत, एक लांब रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं लटकवत न्यायची, विराम नाही काही नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. त्यामुळं आडनाव कुठं सुरू होतं हेच आधी ठरवावं लागतं. तुमच्या फोटोत मला 'वल्द' लागलं, गाव लागलं, पुढचं नाही लागलं, आणि जे लागलं नाही ते लागलं असं सांगणारा माणूस मी नाही. पुराभिलेख संचालनालयाची शाखा नागपूरला आहे, मोडीचे वर्गही ते अधूनमधून घेतात, तिथं विचारा. पैसे घेऊन वाचून देणारेही आहेत, त्यांच्याकडून घेताना फक्त अर्थ घेऊ नका, ओळीखाली ओळ असं मराठी अक्षरांत लिहून घ्या म्हणजे दुसऱ्याकडून तपासता येतं. आणि तुम्हाला कोणतं आडनाव पाहिजे ते आधी त्यांच्या कानात घालू नका!

प्रश्न : शाई उडाली आहे, कागदाचे तुकडे पडून राहिले, म्हणून लॅमिनेट केला. आता फोटोत नुसता उजेड चमकते. आणि त्यात आमचं आडनाव चुकलेलं आहे, ते मी काळ्या पेननं व्यवस्थित गिरवलं तर चालेल का? (कुरखेडा)

उत्तर : नाही. नाही. आणि नाही.

लॅमिनेशन उष्णतेनं होतं, एकदा चिकटलं की कागदाला धक्का न लावता निघत नाही. जे झालं ते झालं, आता दुसऱ्या कागदांना करू नका, साध्या स्वच्छ कागदाच्या घडीत ठेवा, ऊन आणि ओल यापासून दूर, आणि टिनाच्या पेटीत डांबर गोळ्यांचा ढीग ओतू नका. चमक टाळायला फ्लॅश बंद करा, खिडकीजवळ सकाळच्या उजेडात तिरपा धरून फोटो काढा. पेन्सिलचं लिहिलेलं असेल तर अंधारात टॉर्च कागदाला अगदी आडवी लावा, दाबाच्या खाचा सावलीत उठून दिसतात, पांदणीत बैलगाडीची चाकोरी संध्याकाळच्या उन्हात कशी दिसते तशा. जुनी काळी शाई हिराकस आणि हिरड्याची असायची, ती उडत नाही, तांबूस पडते, आणि वेळ मिळाला तर कागदही खाते, तुमचे तुकडे त्यामुळंच पडले असतील. अशा फोटोचे रंग मोबाईलमधे उलटे करून बघा, पांढऱ्याचं काळं, बरेचदा तांबूस अक्षर वर येतं. पाणी, लिंबू, तेल, काहीही लावू नका. तेल लावल्यावर अक्षर दिसतं हे खरं आहे, एकदाच दिसतं.

आणि गिरवायचं मनातही आणू नका. आपल्याकडं ध चा मा केल्याची गोष्ट लहान पोराला माहीत आहे. गिरवलेलं अक्षर तपासणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं आणि मग तुमचे बाकीचे खरे कागदही संशयात जातात. तुमच्या घरी आहे तोही मूळ कागद, ऑफिसातलं रजिस्टर तर हातातही पेन घेऊन उघडू नये, मी पटवारी असताना रेकॉर्ड बघायला येणाऱ्याच्या खिशातला पेन आधी टेबलावर काढून घ्यायचो, भलेभले रागावले. चुकलेलं आडनाव चुकलेलंच राहू द्या, बाजूला दुसऱ्या कागदावर लिहा की मी हे असं वाचतो आणि या या कारणानं.

पुढच्या अंकासाठी फोटो पाठवणाऱ्यांना एक विनंती. निम्म्या लोकांनी आडनावाचा तेवढा शब्द कापून मोठा करून पाठवला आहे, आजूबाजूचं सगळं छाटून. त्याचं मी काय करू? अख्खं पान पाठवा, चारही कडा दिसल्या पाहिजेत, जमलं तर आगलं आणि मागलं पानही. आणि तुमचं आडनाव चिठ्ठीत लिहू नका, मी वाचल्यावर सांगा.